सोनामसूरीच्या नऊ गोण्या

मंडळी, बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले पाच शनिवार कामात गेले. त्याचं रडगाणं आज गाणार नाही (थोडंसं गाईन, पण शेवटी). आज भांडायचंय, आणि भांडण एका स्लाईडशी आहे.

तर झालं असं. मी गेले दहा महिने मिनियापोलिसला ऑनसाइट आहे. इथे आल्यावर दुसर्‍याच महिन्यात क्लायंटच्या ऑफिसात एक दिवसभराचा टीम-बिल्डिंगचा कार्यक्रम झाला. बाहेरून ट्रेनर बोलावला होता. त्याने पडद्यावर एक जुनं चित्र लावलं. मोठ्या कड्याखालून, धबधब्याच्या कडेने जाणारी बर्चच्या सालीची लांबलचक होडी, आणि तीत ओळीने बसून वल्ही मारणारी माणसं. मग तो म्हणाला, हे व्हॉयाजर. (फ्रेंच उच्चार जरा निराळा आहे, पण माझी जीभ तशी वळत नाही, सांभाळून घ्या. अर्थ साधा आहे: प्रवासी.) अडीचशे वर्षांपूर्वी माँट्रियलहून फरच्या व्यापारासाठी होड्या घेऊन ही माणसं कॅनडाच्या पार पोटात शिरायची. दिवसाला चौदा-सोळा तास वल्ही. पाठीवर मणामणाची ओझी. आणि तरीही काय करायची? गायची! का? कारण पॅशन. ओनरशिप. टीम स्पिरिट. शेवटच्या स्लाईडवर एका म्हातार्‍या व्हॉयाजरचे उद्गार होते. मतलब असा की या जगण्याइतकं सुखाचं दुसरं जगणं नाही.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला ती स्लाईड आवडली. इतकी आवडली की मी ती ढापली आणि पुढच्या रिलीजच्या आधी पुण्यातल्या आमच्या टीमसमोर कॉलवर लावली. शुक्रवारी रात्री सुरू होऊन सोमवारी पहाटे संपणारं डिप्लॉयमेंट होतं. वातावरण जरा तापवावं म्हटलं. बोलून झाल्यावर विचारलं, एनी क्वेश्चन्स? नेहमीची शांतता. आणि मग टीममधला सगळ्यात नवा पोरगा म्हणाला, "सर, त्यांना पगार किती होता?"

सगळे हसले. मी पण हसलो आणि म्हणालो, बघून सांगतो. आपल्याकडे 'बघून सांगतो'चा अर्थ काय असतो ते तुम्हांला माहीत आहेच. पण प्रश्न डोक्यात बसला तो बसला. पुढचे कित्येक वीकएंड मी हेच वाचत होतो. मग जुलैत रूममेटला गाडीत घालून ग्रँड पोर्टेजलाही जाऊन आलो. ते सगळं आज तुमच्या माथी मारतोय.

आधी पगार. अलेक्झांडर मॅकेन्झी हा नॉर्थ वेस्ट कंपनीचा भागीदार. त्याचं प्रवासाचं पुस्तक १८०१ साली आलं, आणि त्याच्या सुरुवातीला फरच्या व्यापाराचा इतिहास आहे. गडी हिशेबाला पक्का. त्याने दिलेले आकडे असे: माँट्रियलहून लेक सुपिरियरवरच्या ग्रँड पोर्टेजपर्यंत जाऊन-येऊन वाटाड्याला ८०० ते १००० लिव्र, होडीच्या पुढच्या टोकाला बसणार्‍याला आणि मागे सुकाणू धरणार्‍याला ४०० ते ६००, आणि मधल्या वल्हेकर्‍यांना २५० ते ३५०. शिवाय एक घोंगडी, एक सदरा, एक विजार. आणि जेवण. त्याच पुस्तकात तो सांगतो की १७८८ साली कंपनीचा व्यवहार ४०,००० पौंडांचा होता आणि पुढच्या अकरा वर्षांत तो तिप्पट झाला. १७९८ साली कंपनीकडे ११२० वल्हेकरी होते. कारकून ५०.

आता 'आणि जेवण' म्हणजे काय ते बघा. माँट्रियल ते ग्रँड पोर्टेज जाणार्‍यांचं टोपणनावच मुळी 'डुकराची चरबी खाणारे' असं होतं. आत जंगलात हिवाळा काढणारे जुने-जाणते लोक यांना त्या नावाने चिडवायचे. राखेच्या पाण्यात उकळून साल काढलेला मका आणि त्यात कालवलेली चरबी, हे जेवण. सकाळी तेच, रात्री तेच, उद्याही तेच. अलेक्झांडर हेन्री नावाचा आणखी एक व्यापारी होता, त्याचं पुस्तक १८०९ चं. त्याच्या हिशेबाने एक बुशेल मका (साधारण पस्तीस लिटरचं माप) आणि दोन पौंड चरबी एवढ्यात एका माणसाचा महिना निघतो. पुढे तो जे म्हणतो ते वाचून मी खुर्चीत ताठ झालो. या जेवणावर दुसर्‍या कुठल्या माणसांना राजी करणं कठीण आहे, आणि म्हणूनच फरच्या व्यापाराची मक्तेदारी कॅनडियन लोकांच्या आणि त्यांच्या मालकांच्या हाती सुरक्षित आहे, अशा अर्थाचं ते वाक्य आहे.

वाचलंत ना? तिथे ना पॅशन, ना टीम स्पिरिट. हा माणूस स्वस्तात चालतो, एवढाच मुद्दा. मालकाने तो स्वतः, कसलाही आडपडदा न ठेवता लिहून ठेवलाय. ऑफशोअरिंगचं इतकं स्वच्छ समर्थन मी आजवर कुठल्या डेकमध्ये पाहिलं नाही. त्या काळी निदान लाजायची पद्धत नव्हती.

माणसं कुठली? बहुतेक सेंट लॉरेन्स नदीकाठच्या खेड्यांतली, शेतकर्‍यांची पोरं. फ्रेंच बोलणारी, कॅथलिक, बहुतेक निरक्षर. १७६० साली माँट्रियल इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि हळूहळू व्यापाराची सूत्रं स्कॉटिश आणि इंग्रज व्यापार्‍यांकडे आली. म्हणजे मालकाची भाषा वेगळी, धर्म वेगळा. कंत्राट नोटरीसमोर व्हायचं. त्यात हुकूम पाळीन, पळून जाणार नाही, दुसर्‍या कोणासाठी काम करणार नाही, वगैरे. खाली सहीच्या जागी फुली. मे महिन्यात लाशीनहून होड्या निघायच्या. माँट्रियल बेटाच्या टोकाला सेंट ॲनचं चर्च होतं, वाटेवरचं शेवटचं. तिथे थांबून प्रार्थना, दानपेटीत नाणं, आणि मग पाण्यात.

होडी म्हणजे बर्चची साल, देवदाराच्या फळ्या, मुळांची शिवण आणि शिवणीवर झाडाचा डिंक. हे तंत्रज्ञान तिथल्या मूळ रहिवाशांचं, अल्गॉनक्विन आणि ओजिब्वे लोकांचं. (याचं क्रेडिट ट्रेनरच्या डेकमध्ये नव्हतं. माझ्याही नव्हतं.) मोठी होडी छत्तीस फुटांची, तीत आठ-दहा किंवा त्याहून जास्त माणसं आणि तीन-चार टन माल. पहाटे दोन-तीनला उठवायचे. उपाशीपोटी वल्ही सुरू, ती आठच्या सुमाराला न्याहारीपर्यंत. साधारण तासाभराने दोन-चार मिनिटं थांबून चिलीम ओढायची. या थांब्याला 'पाइप' म्हणायचे, आणि ते इतकं अंगवळणी पडलं की अंतरही पाइपमध्येच मोजायचे. अमुक तळं तीन पाइपचं, तमुक सहाचं. मला हे भयंकर आवडलं. आमच्याकडेही एस्टिमेट चहात सांगणारे लोक आहेत.

मिनिटाला चाळीस-पन्नास वल्ही. अंधार पडला की उतरायचं. होडी पाण्यातून उचलून काठावर न्यायची, कारण साल खडकाला घासली की फाटते. फाटलीच असेल तर डिंक तापवून डागडुजी. मग मक्याचं पातेलं, आणि उलट्या केलेल्या होडीखाली झोप. मालक किंवा कारकून बरोबर असेल तर त्याला तंबू. दिवसभर तो होडीच्या मध्यभागी बसलेला असायचा. त्याच्या हातात वल्हं नाही.

आता गाण्यांकडे येतो, कारण स्लाईडचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. गायचे, यात शंका नाही. जुन्या फ्रान्समधून आलेली प्रेमाची, विरहाची, थट्टेची गाणी. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी धरायची, आणि वल्ही त्या ठेक्यावर पडायची. दहा माणसांची वल्ही एका लयीत पडली नाहीत तर होडी नुसती डगमगते. म्हणजे गाणं हे कामाचं हत्यार होतं, वल्ह्यासारखंच. जात्यावर दळणारी बाई ओवी म्हणते म्हणून तिला दळण आवडतं असा निष्कर्ष कोणी काढला, तर आपली आजी त्याच्याकडे ज्या नजरेने बघेल, तीच नजर मला त्या ट्रेनरकडे लावायची आहे.

आणि गाणी ऐकून भारावले कोण? थॉमस मूर नावाचा आयरिश कवी १८०४ साली सेंट लॉरेन्सवरून प्रवासी म्हणून गेला, वल्हेकर्‍यांचं गाणं ऐकलं, आणि त्यावरून त्याने जे बोटगीत लिहिलं ते पार्लरमधल्या पियानोंवर गाजलं. वॉशिंग्टन आयर्विंगने १८३६ च्या 'ॲस्टोरिया'त यांच्या आनंदी स्वभावाचं कौतुक केलं. आणि स्लाईडवरचं ते चित्र? ते फ्रान्सेस ॲन हॉपकिन्स या चित्रकार बाईंनी १८६९ साली काढलंय. बाई मोठ्या ताकदीच्या, प्रश्नच नाही. पण त्यांचे यजमान हडसन्स बे कंपनीचे मोठे अधिकारी. चित्र नीट मोठं करून बघा: होडीच्या मधोमध एक बाई आणि एक साहेब नीटनेटक्या कपड्यांत बसलेले दिसतील. त्या खुद्द हॉपकिन्स बाई आणि त्यांचे यजमान. चित्र खोटं नाहीच. बाईंनी आपण कुठून बघतोय ते प्रामाणिकपणे दाखवलंय. आम्हीच झूम करून पाहिलं नाही.

म्हणजे 'सुखी व्हॉयाजर' ज्यांनी ज्यांनी रंगवला त्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. वल्हं कोणाच्याच हातात नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकतात, तसं होडीत बसून आनंद मोजणं.

खुद्द मॅकेन्झीचंच बघा ना. १७९३ साली तो खंड ओलांडून पॅसिफिकपर्यंत पोचला. बरोबर सहा व्हॉयाजर, दोन मूळनिवासी, एक मदतनीस. सहापैकी दोघे तर १७८९ च्या मोहिमेतही त्याच्याबरोबर होते. किनार्‍यावरच्या खडकावर त्याने सिंदुरी रंगाने लिहून ठेवलं: स्वतःचं नाव, कॅनडाहून खुष्कीच्या मार्गाने आल्याचं, आणि तारीख, २२ जुलै १७९३. बाकीच्यांची नावं पुस्तकात आहेत, खडकावर नाहीत. कमिट लॉगमध्ये एकट्या लीडचं नाव ही प्रथा बरीच जुनी आहे तर.

आता ग्रँड पोर्टेज. पोर्टेज म्हणजे जिथे नदीतून जाता येत नाही तिथे होडीतला माल, आणि होडीसुद्धा, खांद्या-पाठीवरून जमिनीवरून पलीकडे नेणं. लाशीनपासून सुपिरियरपर्यंतच अशा तीसहून जास्त जागा होत्या. त्यातला हा सगळ्यात नावाजलेला, साडेआठ मैलांचा. लेक सुपिरियरच्या काठापासून पिजन नदीवरच्या फोर्ट शार्लटपर्यंत. मिनियापोलिसहून गाडीने पाच तास. ही जागा ओजिब्वेंच्या ग्रँड पोर्टेज बँडच्या जमिनीवर आहे. त्यांनीच जमीन दिली आणि १९५८ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. काठावर लाकडी कुंपणाचा कोट आणि आत मोठा हॉल पुन्हा बांधलाय. हॉल बघताना मॅकेन्झी आठवत होता. त्या हॉलमध्ये भागीदार, कारकून, वाटाडे, दुभाषे जेवायला बसायचे. पाव, खारवलेलं मांस, हॅम, मासे, हरणाचं मांस, लोणी, बटाटे, चहा, वाइन. वल्हेकर्‍यांना? तोच मका, तीच चरबी. कोटाबाहेर, होडीखाली.

मालाचं एक गाठोडं नव्वद पौंडांचं. एकेचाळीस किलो. एका खेपेला एका माणसाने दोन गाठोडी न्यायची. नेपाळी भारवाही कपाळावर पट्टा लावून डोको वाहतात ना, तसा चामड्याचा पट्टा कपाळावर, त्याला एक गाठोडं कमरेशी, दुसरं त्यावर. एकशे ऐंशी पौंड. इथल्या देसी दुकानात सोनामसूरीची वीस पाउंडांची गोणी मिळते. ती मी दर महिन्याला पार्किंगपासून दुसर्‍या मजल्यावर नेतो आणि वर पोचल्यावर सोफ्यावर पडतो. तशा नऊ. नऊ गोण्या एका वेळी, आणि धावत नाही तरी धावल्यासारखं चालत, कारण हळू चाललं तर ओझं जास्त लागतं. अर्ध्या-पाऊण मैलावर ठेवायचं, परत जायचं, उरलेलं आणायचं.

आम्ही दोघं ती वाट चाललो. पाठीला छोटी सॅक, तीत पाण्याच्या बाटल्या आणि पराठे. पहिला एक मैल मी फोटो काढत होतो. तिसर्‍या मैलानंतर डासांनी फोटो बंद केले. जमीन मऊ, जागोजाग चिखल, चिखलावर टाकलेल्या फळ्या, आणि सतत हलका चढ. फोर्ट शार्लटला पोचायला साडेचार तास लागले. तिथे किल्ला-बिल्ला काही नाही. झाडी, नदी आणि तंबू ठोकायच्या दोन-चार जागा. रूममेट नदीत पाय सोडून बसला आणि म्हणाला, "अरे, आता परत पण जायचंय." मॅकेन्झी लिहितो, प्रत्येक माणसाला या वाटेवरून आठ गाठोडी न्यावी लागत. म्हणजे दोन-दोनच्या चार खेपा. जाऊन-येऊन अडुसष्ट मैल, आमच्या भाषेत एकशे नऊ किलोमीटर. आणि हे पगारात धरलेलं. त्याच्या पुढचं जे गाठोडं असेल त्याला प्रत्येकी एक स्पॅनिश डॉलर.

याच परिच्छेदात त्याने सहज, जाता जाता सांगितलंय की कंपनीने या कामाला घोडे आणि बैल लावून बघितले. उन्हाळ्यात जमलं नाही. जनावरांना झेपेना म्हणून माणसं.

हे वाक्य मी परत आल्यावर तीनदा वाचलं. पाय दुखत होते, त्यामुळे जास्तच नीट समजलं.

मरायचे कसे, तर बुडून आणि ओझ्याने अंतर्गळ होऊन. डॅनियल हार्मन नावाचा तरुण कारकून १८०० साली पहिल्यांदा या वाटेने गेला. त्याने लिहिलंय की जवळजवळ प्रत्येक खळाळाशी लाकडी क्रूस उभे दिसले, जिथे माणसं बुडाली तिथे मागे राहिलेल्यांनी उभारलेले. एका ठिकाणी त्याने तीस मोजले. होड्या तिथून जाताना लोक टोपी काढायचे, प्रार्थना पुटपुटायचे. मग पुन्हा गाणं. ट्रेनरच्या डेकमध्ये फक्त गाणं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं वाईट होतं तर लोक जायचे कशाला? पगार बरा नसता तर पोरांनी शेती केली असती. बरोबर आहे. मीही त्यांना बिचारे म्हणायला बसलेलो नाही. बिचारे म्हणणं हाही होडीच्या मधोमध बसण्याचाच प्रकार आहे. त्यांचं स्वतःचं असं एक जग होतं, आणि ते कंपनीने दिलेलं नव्हतं. नवखा पहिल्यांदा पाणलोटाच्या रेषेवर पोचला की त्याचा बाप्तिस्मा व्हायचा. देवदाराची फांदी पाण्यात बुडवून अंगावर शिंपडायची आणि शपथ घ्यायला लावायची: कुठल्याही नवख्याला असंच केल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही, आणि दुसर्‍या व्हॉयाजरच्या बायकोचा तिच्या मर्जीविरुद्ध मुका घेणार नाही. मग नवख्याने सगळ्यांना रम पाजायची. जॉन मॅक्डॉनेल नावाच्या कारकुनाने १७९३ मध्ये हे नोंदवलंय, आणि त्याला स्वतःलाही ते करावं लागलं. चर्चच्या विधीची नक्कल, कारकुनाच्या डोक्यावर पाणी आणि वर त्याच्याच खिशातून दारू. याला म्हणतात विनोदबुद्धी.

आणि ते भांडायचे. हे तर मला कुठल्याच स्लाईडवर दिसलं नाही. १७९४ साली रेनी लेकवर वल्हेकर्‍यांनी संप केला. जास्त पगार द्या, नाहीतर माँट्रियलला परत जातो. डंकन मॅकगिलिव्हरे या कंपनीच्या माणसाच्या रोजनिशीत ते आहे. त्याच्या मते काही मोजक्या असंतुष्टांनी वाटेत बाकीच्यांचे कान भरले: तुम्ही निमूटपणे ऐकता म्हणून तुमचं नुकसान होतंय, कंपनीला तुमची गरज आहे, मागाल ते मिळेल. (कान भरले म्हणे! मला तर यात एक अक्षर खोटं दिसत नाही.) संप फुटला. बरेचसे परत कामाला लागले आणि म्होरक्यांना माँट्रियलला पाठवून देण्यात आलं. त्याच वर्षी खुद्द माँट्रियलमध्ये, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांकडून उचल घेतली म्हणून एका व्हॉयाजरला भर चौकात खोड्यात उभं करायची शिक्षा झाली. जमावाने, ज्यात बहुतेक व्हॉयाजरच होते, तो खोडाच उपटून सेंट लॉरेन्समध्ये फेकला आणि तुरुंग फोडायची धमकी दिली. माणूस सुटला. १७९६ मध्ये लोअर कॅनडात कंत्राट मोडणार्‍या अशा लोकांना शिक्षा करणारा कायदा आला. आज दोन ऑफर लेटर खिशात ठेवणार्‍यांबद्दल एचआर जे बोलतं, ते तेव्हा कोर्ट बोलायचं, एवढाच फरक.

हा सगळा तपशील कॅरोलिन पॉद्रुचनी यांच्या 'मेकिंग द व्हॉयाजर वर्ल्ड' या २००६ च्या पुस्तकाच्या नादाने मला सापडत गेला. माणसं गातही होती आणि काम टाकून बसतही होती, आणि ही तीच माणसं होती. ट्रेनरला फक्त पहिली हवी आहेत.

राहिला तो म्हातारा. शेवटच्या स्लाईडवरचा. हे उद्गार येतात अलेक्झांडर रॉसच्या १८५५ च्या पुस्तकातून. रॉस स्वतः फरच्या कंपन्यांतला अधिकारी. त्याला लेक विनिपेगजवळ भेटलेल्या एका म्हातार्‍या वल्हेकर्‍याचं भाषण त्याने तिथे दिलंय. म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध व्हॉयाजर आपल्याशी बोलतो तो साहेबाच्या लेखणीतून, एवढं आधी लक्षात घ्या. तरी ठीक आहे, धरू की तो तसंच बोलला. तो काय म्हणतो? या मुलखात बेचाळीस वर्षं काढली. त्यातली चोवीस हलक्या होडीवर. कुठलंच पोर्टेज मला लांब वाटलं नाही. दिवसाला पन्नास गाणी म्हणजे काहीच नाही. दहा साहेबांचे जीव वाचवले. बारा बायका, पन्नास घोडे, सहा शर्यतीचे कुत्रे होते. (बायका या यादीत कुठे आल्यात ते बघा. मूळनिवासी बायकांनी मोकॅसिन शिवले, बर्फात चालायचे जाळीदार जोडे विणले, बायसनचं मांस वाळवून पेमिकन केलं, दुभाषेपण केलं. त्यांच्या कामाशिवाय हिवाळ्यात हा व्यापार आठवडाभरही चालला नसता. सिल्व्हिया व्हॅन कर्क यांनी १९८० मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलंय. पण तो वेगळा शनिवार.) पाचशे पौंड मौजेत उडवले. आणि मग तो म्हणतो की आज माझ्याकडे अंगावरच्याशिवाय दुसरा सदरा नाही, आणि तो घ्यायला पैसाही नाही. तरी पुन्हा तरुण झालो तर हेच करीन.

सदर्‍याचं वाक्य स्लाईडवर नव्हतं.

मी शोधून शोधून मूळ पान काढलं तेव्हा ते दिसलं. ट्रेनरने पुढचं-मागचं ठेवून बरोबर मधलं कापलं होतं. म्हातारा मात्र दोन्ही एका दमात बोलला होता. त्याला त्याच्या तरुणपणाचा अभिमान होता आणि त्याच्याकडे सदरा नव्हता, आणि यातलं एक सांगून दुसरं लपवायची गरज त्याला वाटली नाही. बेचाळीस वर्षं! आणि कंत्राटात पहिल्या दिवशी मिळालेल्या वस्तू कोणत्या? एक घोंगडी, एक सदरा, एक विजार.

त्याचा अभिमान मी खोटा ठरवत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ज्याला आनंद झाला त्यालाही कळतंच. पण तो अभिमान त्याचा आहे. कंपनीने तो प्रशस्तिपत्रासारखा फ्रेम करून लावायचा नाही, आणि दोनशे वर्षांनंतर दुसर्‍याच कंपनीने तर अजिबात नाही. १८२१ साली नॉर्थ वेस्ट आणि हडसन्स बे या कंपन्या एक झाल्या आणि शेकडो माणसं नकोशी झाली. तेव्हा कोणी म्हणालं नाही की हे पॅशनवाले आहेत, यांना ठेवा. जॉर्ज सिम्पसन आला, खर्च कापले, पगार कापले आणि स्वतः अतिजलद होडीतून दौरे करत फिरला. मर्जरनंतर काय होतं ते आपल्याला निराळं सांगायला नको.

असो. रागाचा भर थोडा ओसरला. आता माझं.

तो स्लाईडवाला वीकएंड. सोमवारी पहाटे डिप्लॉयमेंट झालं, ग्रीन. मी टीमला 'यू गाइज रॉक'ची मेल टाकली आणि झोपलो. मंगळवारी कळलं की पगार विचारणारा तो पोरगा रविवारी रात्री घरी जाताना बाईकवर डुलकी लागून पडला होता. कॉलरबोन गेलं. जिवावरचं हाताला लागून गेलं म्हणायचं. छत्तीस तास जागा होता. मला माहीत होतं, चॅटवर हिरवा ठिपका मला दिसत होता. मी त्याला अंगठा पाठवला होता. मी होडीच्या नेमका कुठे बसलो होतो ते सांगायची गरज नसावी.

तो बरा आहे. दीड महिन्याने परत आला. परवा त्याला फोन केला आणि म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. अडीचशे ते साडेतीनशे लिव्र, घोंगडी, सदरा, विजार. त्याला प्रश्न आठवतच नव्हता. मग आठवला. म्हणाला, "आणि ओव्हरटाइम, सर?"

म्हटलं, ठरलेल्या आठ गाठोड्यांच्या पुढे प्रत्येक गाठोड्याला एक डॉलर.

"मग बरं होतं की," तो म्हणाला.

ती स्लाईड मी डेकमधून काढली. क्लायंटच्या डेकमध्ये अजून आहे, तिथे माझा हात पोचत नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा रिलीज आहे. शनिवार-रविवारच्या शिफ्टला दोन जादा माणसं आणि सगळ्यांना कॉम्प-ऑफ मिळाल्याशिवाय तारीख कन्फर्म करणार नाही, अशी मेल आत्ताच मॅनेजरला टाकलीय. उत्तर आलं की कळवतो.